लंब रेषेचं समीकरण: सूत्र पाठ असूनही उत्तर कुठे चुकतं

‘दिलेल्या रेषेला लंब असणाऱ्या आणि दिलेल्या बिंदूतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण काढा.’ हा प्रश्न सोप्यात जमा होतो आणि तरीही त्याचे गुण जातात. दोन्ही रेषांच्या चढांचा (चढ म्हणजे रेषा किती आणि कुठल्या बाजूला तिरकी आहे ते सांगणारी संख्या) गुणाकार −१, हे वर्गात कुणालाही विचारा, लगेच सांगेल. गोंधळ होतो तो त्याच्या आधी आणि नंतर. चढ न मांडलेल्या समीकरणातून वाचला जातो, चिन्ह अर्धवट बदललं जातं, किंवा जुन्या रेषेतली एखादी संख्या नव्या रेषेत नकळत उतरते.

आणखी एक कारण सवयीचं आहे. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या भूमितीत रेषेचा चढ येतो आणि समांतर रेषांचे चढ समान असतात हे पक्कं होतं. लंब रेषांचा नियम पुढे अकरावीत भेटतो. तोवर ‘दुसरी रेषा म्हणजे तोच चढ’ हे हाताला इतकं बसलेलं असतं, की घाईत तोच चढ पुन्हा लिहिला जातो.

पुढच्या सगळ्या पायऱ्या एका वाटणीवर उभ्या आहेत: दिलेल्या रेषेकडून फक्त दिशा घ्यायची, दिलेल्या बिंदूकडून फक्त जागा. बहुतेक चुका ही वाटणी मोडल्यामुळे होतात.

चिन्हांबद्दल: इथे एक्सच्या जागी क्ष, वायच्या जागी य आणि चढासाठी म वापरला आहे. वहीत तुमच्या पुस्तकातली अक्षरं लिहा.

## तयारी: सोडवायला लागण्याआधीच्या तीन ओळी

उदाहरण घेऊ. २क्ष + ३य = १२ या रेषेला लंब असणारी आणि (१, −१) मधून जाणारी रेषा हवी आहे.

वहीत सगळ्यात आधी हे लिहा:

दिलेली रेषा: २क्ष + ३य = १२
दिलेला बिंदू: क्ष₁ = १, य₁ = −१
काय हवं: लंब (समांतर नाही)

तिसरी ओळ बालिश वाटेल, तरी लिहा. एकाच स्वाध्यायात समांतर आणि लंब असे दोन्ही प्रश्न पाठोपाठ असतात आणि हात आधीच्या गणिताच्या तालात चालत राहतो. दुसऱ्या ओळीत ऋण चिन्हासकट य₁ वेगळा लिहिण्याचा फायदा चौथ्या टप्प्यात कळेल.

## टप्पा १: रेषा मांडून घ्या, मगच चढ वाचा

चढ वाचायचा तो फक्त ‘य = म·क्ष + स्थिर संख्या’ अशा मांडणीतून. य एकटा, डाव्या बाजूला, आणि त्याचा सहगुणक १.

२क्ष + ३य = १२
३य = −२क्ष + १२
य = (−२/३)क्ष + ४

दिलेल्या रेषेचा चढ −२/३.

इथली नेहमीची चूक: समीकरण जसंच्या तसं ठेवून क्षचा सहगुणक उचलणे, म्हणजे ‘चढ = २’. दुसरी चूक थोडी पुढे गेलेल्यांची: ३य = −२क्ष + १२ इथवर येऊन ‘चढ = −२’ म्हणणे. य अजून एकटा झालेला नाही, ३ ने भागायचं बाकी आहे.

रेषा समीकरणाऐवजी दोन बिंदूंनी दिली असेल, तर यमधला फरक भागिले क्षमधला फरक. कुठल्या बिंदूपासून सुरुवात करता याला महत्त्व नाही, पण वर आणि खाली क्रम तोच ठेवा. (−१, ४) आणि (३, −२) साठी:

म = (−२ − ४) / (३ − (−१)) = −६/४ = −३/२

वर दुसऱ्यातून पहिला वजा केला आणि खाली पहिल्यातून दुसरा, तर चिन्ह उलटं येतं आणि पुढचं सगळं व्यवस्थित सोडवूनही उत्तर चुकीचं.

तपासणी: चढ ऋण आला तर रेषा डावीकडून उजवीकडे जाताना खाली उतरायला हवी. आपली रेषा (०, ४) वरून (६, ०) वर येते. उतरते, म्हणजे चिन्ह बरोबर.

## थांबा: रेषा आडवी किंवा उभी तर नाही?

पुढे जाण्याआधी हे पाहून घ्यायचं. समीकरणात फक्त य असेल (य = ४), तर रेषा आडवी आणि चढ ०. फक्त क्ष असेल (क्ष = ५), तर रेषा उभी आणि तिचा चढ काढताच येत नाही, कारण छेदात शून्य येतं. दोन्ही वेळी ‘गुणाकार −१’ हा नियम वापरायला जाऊ नका. शून्याला कशानेही गुणलं तरी −१ येणार नाही.

आडव्या रेषेला लंब म्हणजे उभी रेषा, आणि उभीला लंब म्हणजे आडवी. मग बिंदूकडे पाहून उत्तर थेट लिहायचं.

य = ४ ला लंब, (−२, ७) मधून जाणारी रेषा: क्ष = −२
क्ष = ५ ला लंब, (−२, ७) मधून जाणारी रेषा: य = ७

इथे ‘क्ष = ७’ असं उत्तर लिहिणारे असतात. उभ्या रेषेवरच्या प्रत्येक बिंदूचा क्ष-निर्देशक एकच असतो, म्हणून समीकरणात बिंदूचा क्ष येतो, य नाही.

## टप्पा २: चढ उलटा करा आणि चिन्हही बदला

दिलेला चढ −२/३. अंश आणि छेद यांची अदलाबदल केली की −३/२. चिन्ह बदललं की ३/२. लंब रेषेचा चढ ३/२.

कामं दोन आहेत. त्यातलं एकच करून पुढे जाणं ही या प्रश्नातली सर्वांत जास्त होणारी चूक.

फक्त उलटा केला: −३/२ (चूक)
फक्त चिन्ह बदललं: २/३ (चूक)
दोन्ही केलं: ३/२ (बरोबर)

चढ पूर्णांक असेल तर आणखी घसरतं. चढ ४ असेल तर लंब चढ −१/४, −४ नाही. ४ म्हणजे ४/१ असं आधी लिहून घेतलं की अदलाबदल डोळ्यांना दिसते. चढ १ असेल तर उलटा करूनही १ च राहतो, म्हणून लंब चढ −१.

हे असं का, ते आलेखाच्या कागदावर एकदा करून पाहा, मग पाठ करावं लागत नाही. चढ −२/३ म्हणजे ३ चौकटी उजवीकडे गेलात की २ चौकटी खाली. आता त्या कागदावर गुण्या किंवा कागदाचा काटकोनी तुकडा ठेवून ही वाटचाल घड्याळाच्या उलट दिशेने ९०° फिरवा. जे ३ उजवीकडे होते ते ३ वर होतात. जे २ खाली होते ते २ उजवीकडे होतात. नवी वाटचाल: २ उजवीकडे, ३ वर. चढ ३/२. आडवं अंतर उभं झालं आणि उभं आडवं झालं, म्हणून अपूर्णांक उलटतो. आणि उतरणारी रेषा काटकोनात फिरली की चढणारी होते, म्हणून चिन्ह बदलतं.

तपासणी: (−२/३) × (३/२) = −१. ही ओळ वहीत लिहाच, तोंडी करू नका. गुणाकार +१ आला तर चिन्ह राहिलं. −४/९ आला तर उलटा करायचा राहिला.

## टप्पा ३: जुनं समीकरण झाकून ठेवा

या टप्प्यात गणित काहीच नाही. दिलेल्या रेषेचं समीकरण हाताने किंवा पट्टीने झाका. तिच्याकडून जे घ्यायचं होतं ते घेऊन झालं.

कारण असं: टप्पा १ मध्ये य = (−२/३)क्ष + ४ असं लिहिलं होतं. चढ बदलून झाल्यावर पुष्कळ जण य = (३/२)क्ष + ४ लिहून मोकळे होतात. तो ४ जुन्या रेषेचा आहे. ती य-अक्षाला कुठे छेदते हे तो सांगतो. नव्या रेषेचा त्याच्याशी संबंध नाही. य = (३/२)क्ष + ४ ही रेषा दिलेल्या रेषेला लंब नक्की आहे, पण (१, −१) मधून जात नाही. एका रेषेला लंब रेषा असंख्य असतात, आपल्याला त्यातली एकच हवी आहे.

## टप्पा ४: बिंदू आणि नवा चढ सूत्रात भरा

य − य₁ = म(क्ष − क्ष₁)

आधी कंस ठेवून भरा:

य − (−१) = (३/२)(क्ष − १)
य + १ = (३/२)(क्ष − १)

कंसाची ओळ गाळू नका. ऋण निर्देशक थेट भरताना ‘य − १’ लिहिलं जातं आणि ती चूक शेवटपर्यंत दिसत नाही, कारण चढ बरोबर असतो. क्ष₁ आणि य₁ यांची अदलाबदलही इथेच होते. तयारीतली दुसरी ओळ समोर असेल तर ती टळते.

काही जणांना य = म·क्ष + स्थिर संख्या यात बिंदू भरून ती संख्या काढायची सवय असते. त्यातही काही चूक नाही: −१ = (३/२)(१) + स्थिर, म्हणून स्थिर = −५/२. अपूर्णांकांच्या बेरजेत हात कच्चा असेल तर मात्र वरची रीत बरी.

## टप्पा ५: अपूर्णांक घालवून नीट मांडा

दोन्ही बाजूंना २ ने गुणा:

२(य + १) = ३(क्ष − १)
२य + २ = ३क्ष − ३
३क्ष − २य − ५ = ०

सावध: २(य + १) चा विस्तार २य + १ होत नाही, २ ने दोन्ही पदांना गुणायचं. पदं दुसऱ्या बाजूला नेताना चिन्ह बदलतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण एका ओळीत तीन पदं हलवली की एखादं सुटतंच. एका ओळीत एकच गोष्ट करा.

उत्तरसूचीत किंवा पर्यायांत −३क्ष + २य + ५ = ० दिसलं तर घाबरू नका. सगळ्या पदांना −१ ने गुणलं आहे, रेषा तीच. य = (३/२)क्ष − ५/२ हीसुद्धा तीच रेषा. आपलं उत्तर ‘जुळत नाही’ म्हणून बरोबर गणित खोडणारे कमी नाहीत.

## टप्पा ६: दोन तपासण्या, दोन्ही करायच्या

बिंदू बसतो का? ३(१) − २(−१) − ५ = ३ + २ − ५ = ०. बसतो.

लंब आहे का? ३क्ष − २य − ५ = ० वरून य = (३/२)क्ष − ५/२, चढ ३/२. (३/२) × (−२/३) = −१. आहे.

एकीवर भागत नाही. समजा चौथ्या टप्प्यात य − १ लिहिलं असतं. उत्तर आलं असतं ३क्ष − २य − १ = ०. लंबाची तपासणी यात बिनतक्रार पास होते. बिंदू भरला की ३ + २ − १ = ४ येतात आणि चूक उघडी पडते. उलट, चढ चुकला पण बिंदू नीट भरला, तर बिंदूची तपासणी पास होते आणि लंबाची अडते. सीईटीसारख्या बहुपर्यायी परीक्षेत चुकीचे पर्याय बहुधा अशाच अर्ध्या बरोबर उत्तरांचे असतात, त्यामुळे ‘माझं उत्तर पर्यायात आहे’ याला पुरावा मानू नका.

## हात बसल्यावरची जलद रीत

वरच्या पायऱ्या न अडखळता जमू लागल्या की मगच ही वापरा. रेषा अ·क्ष + ब·य + क = ० अशी असेल, तर तिला लंब असणारी प्रत्येक रेषा अशी असते:

ब·क्ष − अ·य + ख = ०

सहगुणकांची अदलाबदल करायची आणि त्यातल्या एकाचंच चिन्ह बदलायचं. ख मात्र नवा, तो बिंदूवरून काढायचा.

२क्ष + ३य − १२ = ० वरून ३क्ष − २य + ख = ०. त्यात (१, −१) भरा: ३ + २ + ख = ०, ख = −५. उत्तर तेच, आणि वाटेत एकही अपूर्णांक नाही.

आडव्या-उभ्या रेषाही इथे वेगळ्या काढाव्या लागत नाहीत. क्ष − ५ = ० मध्ये अ = १, ब = ०; लंब रेषा −य + ख = ०, म्हणजे आडवी. ही रीत मला सूत्रापेक्षा जास्त आवडते, पण ती शिकवण्याची घाई केली की मुलं दोन्ही चिन्हं बदलतात किंवा एकही बदलत नाहीत, म्हणून ती शेवटी.

तपासणी: क्षच्या सहगुणकांचा गुणाकार अधिक यच्या सहगुणकांचा गुणाकार शून्य यायला हवा. (२)(३) + (३)(−२) = ०.

## प्रश्न फिरवून विचारला की

बिंदू रेषेवरच असेल तर. ‘२क्ष + ३य = १२ ला (३, २) या बिंदूत लंब असणारी रेषा काढा.’ बिंदू दिलेल्या रेषेवरच आहे हे पाहून काही जण अडतात. पायऱ्या त्याच आहेत. सोडवून पाहा: ३क्ष − २य − ५ = ० येते, म्हणजे आपलीच रेषा! (१, −१) मधून टाकलेला लंब दिलेल्या रेषेला (३, २) मध्येच भेटतो, म्हणून. हा (३, २) म्हणजे लंबपाद. लंबपाद विचारला असेल तर लंब रेषेचं समीकरण हे अर्धंच उत्तर. दोन्ही समीकरणं एकसामयिक म्हणून सोडवून छेदनबिंदू द्यावा लागतो.

लंबदुभाजक. इथे बिंदू दिलेला नसतो, तो तुम्ही काढायचा: रेषाखंडाचा मध्यबिंदू. (−१, ४) आणि (३, −२) यांचा मध्यबिंदू (१, १). चढ −३/२ वर काढलाच आहे, म्हणून लंब चढ २/३.

य − १ = (२/३)(क्ष − १)
२क्ष − ३य + १ = ०

यात मध्यबिंदूऐवजी एखादं टोक भरणं ही ठरलेली चूक. तपासणीही वेगळी घेता येते: दुभाजकावरचा कुठलाही बिंदू दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर हवा. (४, ३) घ्या. (−१, ४) पासून अंतराचा वर्ग २५ + १ = २६, आणि (३, −२) पासून १ + २५ = २६.

त्रिकोणाचा शिरोलंब. सर्वांत जास्त गोंधळ इथे. त्रिकोणाचे शिरोबिंदू प(१, ६), फ(−२, ०), भ(४, २) आहेत आणि प मधून जाणारा शिरोलंब हवा आहे. चढ घ्यायचा समोरच्या बाजूचा, म्हणजे फभ चा: (२ − ०)/(४ + २) = १/३. लंब चढ −३. बिंदू प.

य − ६ = −३(क्ष − १)
३क्ष + य − ९ = ०

पफ किंवा पभ चा चढ घेतलात तर गणित पहिल्याच ओळीत संपलं. आणि याच त्रिकोणात शेजारच्या दोन रेषाही पाहून ठेवा. फभ चा मध्यबिंदू (१, १). प मधली मध्यगा क्ष = १, ती फभ ला लंब नाही. फभ चा लंबदुभाजक ३क्ष + य − ४ = ०, तो लंब आहे पण प मधून जात नाही. शिरोलंब काढायला सांगितला की बिंदू शिरोबिंदू, लंबदुभाजक सांगितला की बिंदू मध्यबिंदू, आणि मध्यगेत लंबाचा विषयच नाही.

## आलेख काढून पाहणार असाल तर

आलेखावर ताडून पाहणं चांगलं, पण दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखं ठेवा. क्ष-अक्षावर १ सेमी = १ एकक आणि य-अक्षावर १ सेमी = २ एकक घेतलं, तर कागदावर आपल्या रेषांचे चढ −१/३ आणि ३/४ दिसतील. त्यांचा गुणाकार −१/४. गुण्या लावला तर काटकोन येणारच नाही, आणि बरोबर उत्तर चुकीचं वाटेल. मोबाइलवरच्या आलेखाच्या अ‍ॅपमध्येही एकच अक्ष ताणला गेला की हेच होतं.

## सरावाला चार

१. ५क्ष − २य + ७ = ० ला लंब, (−३, ४) मधून.
२. क्ष = −६ ला लंब, (२, −९) मधून.
३. य = क्ष/४ − ३ ला लंब, आरंभबिंदूतून.
४. प·क्ष + ६य = १ आणि ३क्ष − ४य = ८ या रेषा परस्परांना लंब आहेत, तर क्षचा सहगुणक प किती?

उत्तरं: (१) २क्ष + ५य − १४ = ०; (२) य = −९; (३) ४क्ष + य = ०; (४) प = ८. चौथ्यात −८ आलं असेल तर ३प − २४ = ० ही ओळ पुन्हा पाहा; −४ चं चिन्ह वाटेत सुटलं आहे.